गादीवाले काका आणि आत्याचा अहवाल

माझी आत्या तेवीस वर्षं बाजार पाहणीचं काम करत होती. एखाद्या कंपनीला नवी वस्तू काढायची असली, की ती काढावी का, काढली तर कुणासाठी, ठेवावी कुठे, लोक आत्ता तिच्याऐवजी काय वापरतात, हे सगळं आधी पायी फिरून, माणसांना विचारून बघायचं आणि लिहून द्यायचं. त्या लिहून देण्याला ‘व्यवहार्यता अहवाल’ असं नाव होतं. आत्या म्हणायची, "नाव घेता घेता चहा गार होतो. साधं बोलायचं तर, चालेल की नाही ते सांगायचं."

लग्न तिने केलं नाही. ती आमच्याच घरी मागच्या खोलीत राहायची. खोलीत एक पलंग, एक टेबल आणि रबर लावलेले फॉर्मचे गठ्ठे. कुणी पाहुणा आला, की ती त्याला थर्मासची गोष्ट सांगायची. एका कंपनीला कामगारांसाठी थर्मास काढायचा होता आणि तिथल्या लोकांची डोकी रंग कुठला असावा यात अडकली होती. आत्या आठ दिवस कारखान्यांच्या कँटीनमध्ये बसली आणि तिने लिहून दिलं, की रंगाचं कुणाला काही पडलेलं नाही, हातमोजे घातलेल्या हाताने झाकण उघडत नाही. झाकण बदललं आणि थर्मास चालला. ही गोष्ट आम्हा भावंडांना इतकी पाठ होती, की ती बोलायला लागली की आम्ही तिच्या मागे उभे राहून नुसते ओठ हलवायचो.

गादीवाल्या काकांनंतर तिने ती गोष्ट पाहुण्यांना सांगणं बंद केलं.

त्याचं असं झालं. चपला-बूट करणाऱ्या एका कंपनीला बुटात घालायच्या मऊ गाद्या काढायच्या होत्या. दिवसभर उभं राहून ज्यांचे पाय भरून येतात, अशा माणसांसाठी. काम आत्याच्या ऑफिसकडे आलं आणि साहेबांनी ते तिलाच दिलं. योगायोग असा, की तेव्हा तिची स्वतःची उजवी टाच इतकी दुखत होती, की सकाळी पलंगावरून उतरताना ती भिंत धरायची.

ती मोठ्या हॉस्पिटलच्या भागात फिरायला लागली. नर्स, पहारेकरी, न्हावी, कापडाच्या दुकानातल्या मुली. अडीच आठवड्यांत एकशे बारा माणसं. बऱ्याच जणांच्या बुटात तिला एकाच तऱ्हेची गादी दिसली. करड्या नमद्याची, म्हणजे दाबून जाड केलेल्या लोकरीची, कडेला हिरव्या दोऱ्याची शिलाई. कुठून घेतली विचारलं, की एकच उत्तर, "गादीवाल्या काकांकडून." आत्याला आधी वाटलं, हे कुणी अंथरुणं-पांघरुणं विकणारे असतील.

काकांचं दुकान हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर, एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. उभं राहिलं तर डोकं पायरीला लागेल एवढंच, आणि मागे दोघांची राहायची खोली. चपला दुरुस्त करण्याचं काम. गाद्या हा मागाहून वाढलेला व्याप. काका कापायचे, काकू शिवायच्या. आत्या गेली तेव्हा काकांनी तिच्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "काम काय करता, ताई?"

इथे तिने सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "फिरतीचं काम आहे."

"मग तुमची टाच आधी टेकते आणि सगळा भार तिच्यावर पडतो," काका म्हणाले. "न्हाव्याचं तसं नाही. तो एका पायावर तोलून उभा राहतो, त्याला दोन्ही गाद्या सारख्या चालत नाहीत. पहारेकरी टाचेवर असतो. नर्स धावपळ करते, तिला चवड्याखाली जाड लागतं. लोक येऊन पायाचं माप देतात. मी पायाचं नाही, कामाचं माप घेतो."

आत्या सांगायची, हे वाक्य ऐकलं आणि तिच्या अंगावर काटा आला. थर्मासच्या झाकणाच्या वेळी आला होता तसाच. बाहेर पडून कोपऱ्यावर गेल्यावर तिने वही काढली आणि शब्द न् शब्द उतरवून घेतला.

ती तिथे एकूण चार वेळा गेली. एकदा गादीचं माप द्यायला, एकदा ती घ्यायला, आणि दोनदा, "टाच बरी आहे हे सांगायला." टाच खरंच बरी होती, आठ दिवसांत भिंत सुटली होती. काकूंनी स्टूल पुसून दिलं, पाणी दिलं. काकांना बोलायला आवडायचं. नमदा किती दिवसांनी बसतो, मध्ये बुचाचा थर का घालायचा, न्हाव्याला डावी जाड की उजवी हे कसं ओळखायचं, सगळं त्यांनी दाखवलं. दर वेळी आत्या कोपऱ्यावर जाऊन वही काढायची.

अहवाल बत्तीस पानांचा झाला. वस्तू चालेल, मापाप्रमाणे न विकता कामाप्रमाणे विकावी, नर्स, पहारेकरी, न्हावी, दुकानातली माणसं यांच्यासाठी गाद्यांचे चार प्रकार करावेत, विक्री हॉस्पिटलच्या आसपासच्या औषधाच्या दुकानांतून सुरू करावी. शेवटी स्पर्धेचा रकाना असतो. त्यात आत्याने लिहिलं, ‘परिसरात एक वृद्ध कारागीर. नोंद घेण्याजोगी स्पर्धा नाही.’

साहेब खूष झाले. असा अहवाल ऑफिसातून आजवर गेला नव्हता म्हणाले.

आठ महिन्यांनी कंपनीच्या गाद्या बाजारात आल्या. आत्या बसमध्ये होती आणि खिडकीतून तिला मोठा फलक दिसला. पांढऱ्या बुटातलं एक पाऊल आणि खाली ठळक अक्षरं, ‘माप पायाचं नाही, कामाचं!’ ती पुढच्याच थांब्यावर उतरली. कुठे जायचं होतं तेही तिला आठवेना.

त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "ताई, तू तुझं काम केलंस. त्यात तुझं काय चुकलं? खोटं तर काही लिहिलं नाहीस."

"खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं रे," आत्या म्हणाली. "कंपनी आपटली असती, काका सुटले असते."

त्यानंतर ती हॉस्पिटलचा रस्ता टाळायला लागली. दातांच्या डॉक्टरकडे जायचं तर दोन गल्ल्या वळसा घालून जायची. कुणी आडून विचारलं, तर तिकडे खोदकाम चाललंय म्हणायची. ते खोदकाम दीड वर्ष चाललं. आईला सगळं कळत होतं.

शेवटी कामानेच तिला तिकडे ओढून नेलं. कंपनीला पुन्हा पाहणी हवी होती: गाद्या घेणारे कोण, दुसऱ्यांदा घेतात का, नसतील तर का नाही. साहेबांनी भाग तोच नेमून दिला. आत्याने दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणून पाहिलं. साहेब म्हणाले, "तिथली माणसं तुम्हाला ओळखतात. तुमच्याइतकं त्यांना कोण बोलतं करणार?"

ती आधी जिन्याखाली गेली. काका एका पिशवीची चेन बसवत होते. मागच्या फळीवर पूर्वी गाद्यांच्या चळती असायच्या, तिथे आता छत्र्यांच्या काड्या होत्या. काकांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा फुलला.

"या ताई! टाच काय म्हणते?"

आत्या त्या फळीकडेच बघत होती. काकाच बोलत राहिले. समोरच्या औषधाच्या दुकानावरच्या कंपनीच्या फलकाकडे बोट दाखवून म्हणाले, "ते बघितलंत? माझंच वाक्य. मी हिला म्हणतो, माझ्या मनातलं कुणीतरी चोरून ऐकलं. ही म्हणते, चांगलं वाक्य दोघांना सुचू शकतं."

"काका, ते मी सांगितलं," आत्या म्हणाली. "कंपनीला. माझं कामच ते आहे. मी तेव्हा तुमच्याकडे आले ते त्यासाठीच. टाच दुखत होती हे खरं, पण आले त्यासाठी."

काकूंची सुई थांबली. "चार वेळा बसलात इथे," त्या म्हणाल्या. "आमच्या हातचं पाणी प्यायलात."

"हो."

"मी यांना म्हणायचे, बाई किती आपुलकीने ऐकते. सगळं दाखवा तिला."

काकांनी चेन बाजूला ठेवली. अंगठ्याने आरीचं टोक चाचपलं. मग त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काय लिहिलंत?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. ती खोटं बोलू शकली असती. ‘उत्तम कारागीर’ असं काहीतरी सांगता आलं असतं. पण तिने ती ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवली.

"नोंद घेण्याजोगी नाही," काका हळूच म्हणाले. जणू काही जिभेवर ठेवून चव बघत होते. मग म्हणाले, "ताई, मी लपवून काही ठेवलं नव्हतं. तुम्ही कंपनीची म्हणून आला असतात तरी कदाचित सांगितलं असतं. मला बोलायचा सोस आहे. पण मी कुणाशी बोलतोय एवढं मला माहीत हवं होतं."

काकूंनी मात्र स्टूल उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

आत्याने पाहणी पूर्ण केली. या वेळी निघालं ते असं: कंपनीच्या गाद्या सहा आठवड्यांत चपट्या होतात, आणि औषधाच्या दुकानातल्या माणसाला न्हाव्याला कुठल्या पायाची गादी जाड लागते ते ठाऊक नसतं. पहिल्यांदा घेणारे भरपूर, दुसऱ्यांदा घेणारे थोडे. अहवालात तिने हे लिहिलं आणि एक पान जास्त जोडलं: मूळ कल्पना कोणाची होती, ती कशी मिळवली गेली, आणि त्या कारागिराला बोलावून कंपनीने त्याचं नाव लावावं, त्याच्याकडून माणसं शिकवून घ्यावीत.

साहेबांनी ते पान तिच्यासमोर काढून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "बाई, अहवालात पश्चात्तापाचा रकाना नसतो. कंपनीने बाजार विचारलाय, तुमचं मन नाही विचारलं."

"मग मी कुठे लिहू?" तिने विचारलं. पान त्यांनी फाडलं मात्र नाही; घडी घालून तिच्या हातात दिलं.

पुढच्या रविवारी ती परत जिन्याखाली गेली आणि काकांना म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही. पाहणी येते. ती या वेळी तुमच्यासाठी करते."

"नको," काकू आतून म्हणाल्या. "एकदा झाली तेवढी पुरे."

काकांनी हातातली चप्पल खाली ठेवली. "एका अटीवर," ते म्हणाले. "ज्याला ज्याला विचाराल, त्याला आधी सांगायचं, की तुम्ही कोण, कुणासाठी विचारता, आणि त्याचं बोलणं पुढे कुठे जाणार. मग त्याने बोलायचं तर बोलेल."

आत्या सहा रविवार फिरली. अट पाळली, आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की आधी सगळं सांगितलं तर निम्मी माणसं हात हलवून पुढे निघून जातात. जी थांबतात, ती मात्र मनापासून बोलतात. हाडांच्या वॉर्डात पायांचे व्यायाम करून घेणारी एक बाई थांबली. ती म्हणाली, "ऑपरेशननंतर कुणाचा एक पाय अर्धा इंच आखूड होतो, कुणाचा पाऊण. त्यांच्यासाठी गादी कुठेच मिळत नाही. आम्ही पुठ्ठे घालून भागवतो. प्रत्येकाचं वेगळं असतं, कारखाना ते करणार नाही."

आत्याने दोन पानांचा अहवाल केला आणि काकांना वाचून दाखवला. कंपनीशी नर्स आणि न्हाव्यांवरून झगडण्यात अर्थ नाही. आखूड पायवाल्यांचं काम धरा. ते कमी असेल, पण टिकेल. काका न्हाव्यांचं ऐकून जरा हिरमुसले. ती गिऱ्हाईकं त्यांची आवडती होती, बोलकी. पण दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले.

काम जमलं. पूर्वीची सगळी गर्दी परत आली नाही. फळीवर निम्म्या चळती आल्या, छत्र्यांच्या काड्याही राहिल्या. समोरचा फलकही तसाच राहिला, फक्त उन्हाने फिका पडला. कंपनीने काकांचं नाव कधीच घेतलं नाही.

आत्याने मात्र ती अट पुढे सगळ्याच कामांना लावली. त्यामुळे तिचे फॉर्म कमी भरायचे, अहवाल बारीक व्हायचे, आणि मोठी कामं साहेब हळूहळू दुसऱ्यांना द्यायला लागले. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी ऑफिसात दोन नव्या मुली आल्या. आत्या त्यांना शिकवायची. त्यातली एक म्हणाली, "मॅडम, असं आधीच सगळं सांगितलं तर लोक बोलणार नाहीत." आत्या म्हणाली, "मग ‘बोलले नाहीत’ असं लिही. तीही माहितीच आहे."

हे सगळं तिने मला एकदा नाही, अनेकदा सांगितलं, आणि दर वेळी स्वतःकडे दोष थोडा जास्तच घेतला. मी एकदा वैतागून म्हणालो, "आत्या, अगं, केलंस की सगळं निस्तरून. काका तुझ्याशी हसून बोलतात. अजून काय हवं?"

ती म्हणाली, "काका बोलतात रे. त्यांना सगळ्यांशीच बोलायला लागतं."

ती अजूनही महिन्यातून एकदा तिथे जाते. ती आली की काकू हातातलं शिवण ठेवतात आणि उठून आत जातात. मी सोबत होतो तेव्हा मला ते लागलं, तसं मी येताना बोललोही.

"काकू उठतात ते बरं करतात," आत्या म्हणाली. "बसून राहिल्या तर मला काय बोलावं ते कळणार नाही."