गावंडे सरांचं ‘मेनली बिकॉज’

राजापेठेतल्या गावंडे सरांच्या क्लासला उशिरा पोचलं, की दारातच पहिला तास सुरू व्हायचा. सर एक हात चौकटीला लावून आडवे उभे राहत आणि विचारत, "काहून उशीर?" कारण इंग्रजीतच द्यायचं, पण नुसतं ‘बिकॉज’ चालत नसे. बिकॉजच्या आधी त्याचं वजन सांगावं लागे: ओन्ली, मेनली, पार्टली की सिंपली. म्हणजे फक्त तेवढ्यामुळेच, मुख्यतः त्यामुळे, थोडंफार त्यामुळे, की उगाच फाटे न फोडता सरळ तेच. पहिल्याच आठवड्यात मी ऑटो मिळाला नाही असं ठोकून दिलं, तर सर म्हणाले, "ऑटो नाई भेटला, कबूल. पण उठली किती वाजता, थे का ऑटोवाल्यानं सांगाचं?" मी ‘पार्टली’ जोडलं तेव्हा कुठे चौकटीवरचा हात खाली आला.

बँकेच्या परीक्षेसाठी मी बार्शीटाकळीहून अमरावतीला खोली करून राहत होते. सरांचं इंग्रजी व्याकरणात चोख आणि उच्चारात पक्कं अचलपुरी. मुलाखतीत इंग्रजी बोलायची वेळ आली तर आमचं काय होणार, अशी आम्हांला काळजी वाटे. सरांना तसली काळजी नव्हती. ते म्हणत, "एका कारणानं जगात काईच होत नाई, पोट्टेहो. लोकं टोपलीत चांगले संत्रे वर ठेवतात, तसंच सोपं कारण वर ठेवतात. आपून खाली हात घालून पाहाचं."

क्लास घरातल्याच पुढच्या खोलीत भरायचा, त्यामुळे खुद्द सरांची तपासणी स्वयंपाकघरातून होई. "दूध काहून नाई आनलं?" काकू आतून विचारत. "आन् मेनली-पार्टली सांगू नका, सिंपली भुललो म्हना!" सगळा वर्ग हसायचा. सर मात्र गंभीरपणे काकूंचं वाक्य इंग्रजी करून फळ्यावर लिहीत आणि म्हणत, "पाहा, बरोबर वापर याले म्हन्तात."

मी दुसऱ्यांदा परीक्षेत नापास झाले, तेव्हा बाबा मला न्यायला आले. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. आईला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. माझं सामान भरायला मोठी रिकामी बॅग घेऊन ते थेट क्लासवरच आले. मला आणखी एकदा परीक्षा द्यायची होती, पण दोनदा आपटल्यावर ते बाबांना सांगायचं तोंड मला नव्हतं.

सरांनी वर्गाला उतारा सोडवायला दिला आणि बाबांना ओसरीवरच्या बाकावर बसवलं. मी दाराशी उभी राहिले.

"शीतलले घेऊन चाललो, सर."

"काहून?"

"दोनदा नापास झाली. अकोल्याचं स्थळही आलं हाय."

"मुख्य कोनतं यातलं?"

बाबा गोंधळले. "स्थळच म्हना."

"पोरगी पाहून गेले का थे?"

"नाई, अजून आलेच नाई."

"मंग थे थोडंफार झालं. नापासाचं म्हनाल, तं बी.ए.ले मीही दोनदा आपटलो. थेही थोडंफार. मुख्य कारन अजून खालीच हाय, भाऊ."

काकूंनी चहा आणून ठेवला. बाबांनी तो बशीत ओतला आणि तसाच धरून बसले. मग खाली बघत म्हणाले, "संध्याकाळी मले घरात करमत नाई, सर. टीव्ही लावतो, पन जेवन भिंतीकडं पाहूनच होते. पोरगी असली तं बोलनं तरी होईन."

बाबा माझ्यावर रागावलेत असंच मी धरून चालले होते. मला रडूच फुटलं.

 सरांनी बोटांवरचा खडू झटकला. मग म्हणाले, "अन् यासाठी तुमी पोरीचं लगन करून राहिले? लगन झालं का थे तं अकोल्याले जाईन. भिंत तुमच्याकडंच राहीन नं!"

बाबांनी बशी खाली ठेवली. हा मुद्दा त्यांच्या ध्यानातच आला नव्हता.

"त्यापरीस दर रविवारी इकडं येत जा," सर म्हणाले. "पोरगी भेटन, दोन घास आमच्यासंगं जेवा. पत्ते येतात का?"

बाबा रिकामी बॅग घेऊन परत गेले. रविवार आला की अकोल्याला गाडी बदलून येऊ लागले. कधी तुरीच्या शेंगा, कधी हरभरा घेऊन. जेवणं झाली की सर आणि ते पत्ते मांडत आणि एकमेकांवर लबाडीचे आरोप करत. एकदा गाडी उशिरा आली, तर सरांनी बाबांनाही चौकटीला हात लावून अडवलं. बाबा म्हणाले, "मेनली बिकॉज डायव्हर नवा हाय." सरांनी जन्मात एवढं मनापासून कुणाला आत घेतलं नसेल.

पुढच्या खेपेला मी पास झाले आणि अकोल्यालाच बँकेत लागले. पहिल्या रविवारी बाबांना चकित करायचं म्हणून जिलबी घेऊन, न कळवता बार्शीटाकळीला घरी गेले. दाराला कुलूप. फोन लावला.

"अवं, आज रविवार हाय नं," बाबा म्हणाले. "मी अमरावतीले आहो."

"पण मी आता तिथं कुठं आहे, बाबा?"

"मंग? सर तं हायेत. किल्ली बाजूच्या मावशीकडं ठेवली हाय, भात लावून घेजो. मी संध्याकाळच्या गाडीनं येतो."

मागून सर ओरडत होते, "भाऊ, पान टाका लवकर!" बाबांनी माझं पुढचं ऐकून न घेताच फोन ठेवला.

मी दाराबाहेरच्या ओट्यावर बसून एकटीनंच जिलबी खाल्ली. राग आला, नाही असं नाही. पण आई गेल्यापासून बाबांना कशाचीही घाई झालेली मी पाहिली नव्हती.