माझा बूट आणि सवलतीचं तिकीट

मला पूर्ण पगार आहे, राहायला स्वतःचं घर आहे आणि चढ नसेल तर मी बरी चालते. तरीही एसटीत मी सवलतीचं तिकीट घेते. कंडक्टरला कार्ड दाखवलं की आजूबाजूच्या माना माझ्या पायाकडं वळतात. मग तोंडाकडं बघतात, ही बाई खरंच त्यातली का म्हणून. बघू देत. बघायला काही तिकीट लागत नाही.

लहानपणी पोलिओ होऊन माझा डावा पाय आखूड राहिला. उंच तळाचा बूट घातला की फरक बराचसा भरून निघतो, आणि बूट साडीच्या घोळात झाकला जातो. इतकी वर्षं कोल्हापुरात शाळेत शिकवलं, पण कोल्हापुरी चप्पल काही पायाला लागली नाही, एवढंच दुःख. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अपंगत्वाचा दाखला काढायला सरकारी दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांनी पाय मोजला, वाकवला, चालायला लावलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही काठावर पास." पाय आणखी थोडा बरा असता तर सरकारच्या लेखी मी धडधाकट ठरले असते.

त्या दाखल्यावर प्रवासाचं कार्ड मिळालं. ते घेऊन गडहिंग्लजला घरी गेले, तर अप्पांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. अप्पांचं भुसारी दुकान. गिऱ्हाईक चार आणे कमी द्यायला लागलं की तासभर हुज्जत घालणारा हा माणूस, कार्डाकडं बघून म्हणाला, "आपण देणारी माणसं, घेणारी न्हवं. कपाटात ठेव ते." अव्वाचं, म्हणजे आईचं, कारण वेगळं होतं. गावाला कार्ड दिसलं तर पोरीचं जमायचं कसं?

मलाही तेव्हा ते पटलं. कुबड्या टेकत गाडीपर्यंत येणारी माणसं मी स्टँडवर बघत होते. सवलत त्यांची. मी पगारदार बाई, त्यांच्या पंगतीत कशाला बसू? म्हणून शनिवारी घरी जाताना पूर्ण तिकीट काढायची. राखीव सीटवर कोणी धट्टाकट्टा पसरलेला असला तरी त्याला उठवायला तोंड नसायचं, आणि गर्दी असली की उभी राहायची. निपाणी येईपर्यंत कंबर धरायची, घरी पोचल्यावर बूट ओढून काढावा लागायचा. चढताना मी दांड्याला कशी लोंबते ते ओळखीच्या कंडक्टरला दर शनिवारी दिसायचं. "बाई, कार्ड असंल तर काढा की," तो म्हणायचा. मी हसून नोट पुढं करायची. कार्ड मात्र कपाटात नव्हतं, पर्समध्ये होतं. का ते विचारू नका.

अशात कोल्हापूरचं एक स्थळ आलं. आमच्यासारखंच लिंगायत, व्यापारी घर. ते बघायला आले त्या दिवशी अव्वानं मला आधीच सतरंजीवर बसवून ठेवलं. पोह्यांच्या बशा अक्कानं आणल्या. पावणे दाराबाहेर पडेपर्यंत मी उठायचं नाही, अशी ताकीद होती. "पाय जरा नाजूक हाय," एवढंच अप्पा म्हणाले, आणि तेही सुपारी कातरता कातरता. मी जागची हलत नाही हे बघून पावण्यांना वाटलं, मुलगी फारच लाजाळू. होकार आला. मुलगा मला आवडला होता, ते कशाला लपवू? हसायला लागला की थांबायचा नाही.

साखरपुड्याची साडी घ्यायला मी आणि अप्पा कोल्हापूरला निघालो. चंदगडहून आलेली गाडी, आम्ही आधीच जागा धरून बसलेलो. गाडी सुटता सुटता दारातून होणारे सासरे चढले. आमच्या भागात कामासाठी आले होते म्हणे. आमच्या मागंच बसले. कंडक्टर जवळ आला आणि आमच्याकडचा ठरलेला खेळ सुरू झाला.

"तिकिटं मी काढतो, पावणं."

"छे छे, पावणं, आमच्या गावात तुमी? बरं दिसतंय व्हय?"

दोघं उठून एकमेकांच्या मनगटाला धरून ओढाताण करायला लागले. आमच्याकडं पावण्याचं तिकीट काढलं नाही तर वर्षभर बोलणं ऐकावं लागतं. कंडक्टर तोच, ओळखीचा. तो कंटाळून म्हणाला, "कुणी बी काढा, पण बाईंचं कार्ड असंल तर सवलतीचं फाडतो की."

अप्पांचा हात खाली आला. "कसलं कार्ड? तसलं काय न्हाय," ते म्हणाले.

तसलं काय न्हाय. आता गप्प बसले असते तर साखरपुडा झाला असता, लग्नही झालं असतं, आणि पहिल्याच रात्री बूट काढायची वेळ आली असती. की तिथंही अव्वा मला आधीच बसवून ठेवणार होती? सवलतीची गरज मला त्या दिवशी अजिबात नव्हती. बसायला जागा होती, तिकीट दुसरंच कोणी काढत होतं. तरी मी पर्स उघडली. "हाय माझं कार्ड," म्हणाले आणि कंडक्टरच्या हातात दिलं.

सासऱ्यांनी पुढं वाकून बघितलं. मी साडी घोट्याच्या वर घेतली. "लहानपणापासनं हाय. बुटाशिवाय लंगडते." त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. पण मी काढतो म्हणून बसले होते, त्यामुळं काढावं तर लागलंच. दोन पूर्ण आणि एक सवलतीचं.  कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर ते म्हणाले, "कळवतो." कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

अप्पा बरेच महिने माझ्याशी सरळ बोलले नाहीत. माझं पुढं लग्न झालं, चांगलं झालं. नवऱ्यानं पहिल्याच भेटीत बूट बघितला आणि शिवणारा कोण ते विचारलं. त्या मुलाची मात्र कधी कधी आठवण यायची. राग त्याच्या बापाचा यायचा, आठवण मुलाची. आणि त्या दिवसापासून मी एकदाही पूर्ण तिकीट काढलं नाही. गरज असो नसो. उसाच्या ट्रॉल्या मागून ट्रॉल्या लावणारे बागायतदार सोसायटीतून सवलतीचं खत उचलतात. त्यांना कोणी "खरंच लागतंय का?" विचारत नाही. मग प्रत्येक वेळी माझाच पाय कशाला तपासायचा?

पुढं अप्पांची पासष्टी झाली. त्यांना अर्धं तिकीट लागू झालं, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ते घेतलं. तब्येत दगडासारखी, दुकान जोरात, पण देणारी माणसं त्या दिवशी कुठं गेली देव जाणे. त्यांच्या पायाकडं कोणी बघितलं नाही. मी मनात हसले आणि चिडलेसुद्धा. म्हातारपण आलं तर हक्क, पाय आखूड राहिला तर भीक?

एकदा अप्पा माझ्याबरोबर कोल्हापूरला येत होते. कंडक्टर नवा होता. मी पर्समध्ये हात घातला तेवढ्यात मागची बाई तिच्या सोबतिणीला म्हणाली, "ही मास्तरीण हाय. चांगली चालत चढली की आत्ता. गरिबाच्या तोंडचं कशाला खातीया?"

मी उत्तर द्यायला वळणार होते. पण त्याआधी अप्पा बोलले, दुकानात हमालाला हाक मारतात त्या आवाजात. "एक म्हाताऱ्याचं द्या, आणि एक हिचं अपंगाचं. कार्ड हाय तिच्याकडं." मग मागं वळून म्हणाले, "माझी लेक हाय. लहानपणापासनं पाय तसाच हाय."

अपंग हा शब्द अप्पांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मला रडू आलं, पण त्या बाईसमोर रडणार नव्हते. ती खाली वाकून बघत होती. मी पाय पुढं केला आणि साडी वर घेतली, तिला नीट दिसावं म्हणून.