नऊ जणांच्या गालावर एकच तीळ

विसरलात ना?

विसरणारच. सकाळी कशाशी भाकरी खाल्ली ते दुपारी आठवत नाही तुम्हाला. सखूला जाऊन आज वर्ष झालं, हे कुठून आठवणार!

सायवनची सखू. माझी धाकटी जाऊ. एका चुलीवर अठरा वर्षं भांडलो आम्ही.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात मोबाइलवर लिहिते. ती म्हणते, "आजी, शिव्या नको." म्हणून निम्म्या गाळल्यात. उरलेल्या वाचा.

आज तलासरीच्या नाक्यावर बॅनर बघितला. सखूचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, आमच्या पुढाऱ्याचा दरवाजाएवढा. नातीने वाचून दाखवलं, "शांतिदूत, आमच्या सखूताई."

आमच्या?

अरे बाबा, तूच तिला भर सभेत माईकवर "पाकिस्तानवाली" म्हणाला होतास.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते.

भात कापून झालं की आमच्या डोंगरातली पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पाण्यावर देशाची रेघ कुठे असते, ते पोरांना काय दिसणार! बोट पलीकडे गेली आणि आमचे नऊ जण कराचीच्या तुरुंगात पोचले. त्यात सखूचा पोरगा रमेश.

मग पुढारी आला. कडक इस्त्री. डहाणूला सरकारी ऑफिसात मीटिंग लावली. बाप, काका, भाऊ आत खुर्च्यांवर. आम्ही बायका बाहेर जिन्यावर.

"तुम्ही कशाला आत? आम्ही बोलतो ना."

बोलले हो. खूप बोलले.

पकडलेला माणूस आपलाच, हे पटवायला फॉर्मवर अंगावरची खूण लिहायची होती. बापाला विचारलं, बापाने पंख्याकडे बघितलं. भावाला विचारलं, भावाने बापाकडे. शेवटी पुढारी म्हणाला, "लिहा, उजव्या गालावर तीळ."

नऊच्या नऊ फॉर्मवर. उजव्या गालावर तीळ!

सगळे फॉर्म परत आले. चार महिने फुकट.

त्या दिवशी सखू जिन्यावरून उठली. नऊ जणांच्या नऊ बायका घेतल्या आणि सरळ साहेबाच्या टेबलाशी.

"लिहा साहेब. दगडूच्या डाव्या मांडीवर कोयत्याचा वळ, वीतभर. लक्ष्याच्या कमरेखाली भाजल्याचा डाग."

"बाई, हे तुम्हाला कसं माहीत?"

"मला कुठे? हिला माहीत." एकेकीला पुढे ढकलत होती. "नवऱ्याचं अंग बायकोला माहीत असणार का पुढाऱ्याला?"

साहेब मान खाली घालून लिहीत होते. कान लालबुंद. मी दारात पदर तोंडात कोंबून उभी.

या वेळी फॉर्म मंजूर झाले.

मग तलासरीत सभा. पुढारी माईकवर ओरडला, "त्यांचे जे आपल्याकडे पकडलेत, त्यातला एकही सोडू नका!"

टाळ्याच टाळ्या.

सखू उठली. "त्यांचे म्हणजे कोण? तेही मासेच धरायला आलेले. त्यांच्या आया कुठेतरी अशाच बसल्या असतील. त्यांचा सुटेल तेव्हा माझा सुटेल. तुमच्या टाळ्यांनी आजवर कुठलं कुलूप उघडलं, सांगा!"

"ही कोण पाकिस्तानवाली?"

सगळे हसले. तुमच्यातलेही हसले. चेहरे लक्षात आहेत माझ्या.

सखूने पुढे पत्र लिहून घेतलं, पलीकडच्या बायकांना. तुम्ही तुमच्या साहेबाच्या मागे लागा, आम्ही आमच्या लागतो. खाली सगळ्या बायकांचे अंगठे.

माझा नाही.

मी घाबरले. लोक काय म्हणतील म्हणून पाणी भरायच्या निमित्ताने निघून गेले. परतले तर तिने माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला. भांडली असती तर बरं झालं असतं.

पत्र पोचलं की नाही, देव जाणे. पण दोन वर्षांनी त्यांचे काही सुटले, आपले आठ आले. डहाणू स्टेशनवर हार घेऊन पुढे कोण? कडक इस्त्री.

रमेश त्या आठांत नव्हता.

सखू तरी दर सोमवारी ऑफिसला जायची. पुढारी म्हणाला, "आठ आले ना? आता गप बसा."

"नववा काय गालावरचा तीळ आहे, राहिला तर राहिला?"

मागच्या वर्षी तापाने गेली. शुद्धीत होती तोवर एकच विचारायची, "जाऊबाई, सोमवार कधी आहे गो?"

आता सुटणाऱ्यांची नवी यादी होते आहे. येत्या सोमवारी डहाणूला मीटिंग. बोलावणं कोणाला? काकांना आणि पुढाऱ्याला. रमेशची बायको सविता, तिला निरोप आला, "तू येऊ नकोस, गर्दी होते."

गर्दी कशी असते ते दाखवते.

सविताला घेऊन मी आत जाणार. ज्यांचे आले त्या आठही जणी येणार आहेत. खुर्ची नसली तर साहेबाच्या टेबलावर बसेन. या वयात मला उचलून बाहेर काढायला चार माणसं लागतील, आणि तो फोटो बॅनरवर बरा दिसणार नाही.

सखू, माझ्याकडून हात जोडायचे राहू देत. हात सोमवारी लागणार आहेत.

आणि तुम्ही. स्टेटस ठेवू नका, फुलं आणू नका. भाकऱ्या पाठवा. नागलीच्या, जाड थापलेल्या, सोबत सुक्या बोंबलाची चटणी. दहा बायकांपुरतं. दुपारचं पाठवाल तेव्हा संध्याकाळचंही बांधा, कारण रमेशचं नाव यादीत लागेपर्यंत आम्ही उठणार नाही.