कान्हेरीला ढोलकी नेली आणि न वाजवता परत आणली

कान्हेरीला जायचं मी ठरवलं नव्हतं, सासूबाईंनी ठरवलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरला आमची गायन पार्टी होती. मी गायची, नवरा प्रकाश ढोलकीवर. (नवऱ्याला मी पहिल्यापासून अरे-तुरे करते. सासूबाईंना चालायचं, तुम्हीही चालवून घ्या.) एप्रिलच्या भीमजयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत आज विक्रोळी, उद्या मुलुंड, परवा अंधेरी. सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, आली की आम्ही कधी नाही म्हटलं नाही. आवडच तेवढी! पण त्या पौर्णिमेला समोर टाळ्या पडत होत्या आणि मला काही म्हणजे काहीच वाटेना. घरी येऊन सरळ सांगितलं, "बास झालं. मी गाणं सोडते."

प्रकाशचा चेहरा पडला. घसा बसला असता तर औषध होतं, मनच उठलं त्याला काय करणार? मी तर आतून पार घाबरले होते. गाण्याशिवाय मी कोण, हेच मला माहीत नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "सोडायचं का ते मागाहून बघू. आधी रविवारी दोघं कुठंतरी जाऊन या. आणि गाण्याचं नाव काढू नका."

तुम्ही जाणार असाल तर आता मेट्रो आहे, मजा आहे तुमची. आम्ही साकीनाक्याची धूळ खात बसने अंधेरी गाठली, तिथून दुसऱ्या बसने बोरिवली, आणि बोरिवली स्टेशनाहून गुंफांपर्यंत जाणारी रविवारची बस. हाडं खिळखिळी झाली, पण दोघांचं मिळून भाडं किरकोळ, त्यामुळे कुरकुरायला तोंड नव्हतं. प्रकाशच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं गाठोडं होतं.

"हे काय रे?"

"अगं, सवय आहे. हात रिकामा राहत नाही."

ढोलकी! विश्रांतीला निघताना ढोलकी घेणारे आम्हीच. मी बोरिवलीपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

वर जाताना पायऱ्यांशी बाया करवंदं विकत होत्या, झकास, द्रोणभर घ्याच. भाकरी, ठेचा, सुकटीची चटणी घरून नेली होती, कारण वर खायला काही मिळत नव्हतं. माकडांना पिशवी दाखवू नका, आमची एक भाकरी गेली. मोठ्या चैत्यात हात जोडले आणि वरच्या अंगाला एका छोट्या गुंफेत शिरलो. आत कातळातच कोरलेला कट्टा, बाहेर पाण्याचं टाकं. बाहेर मे महिना भाजत होता आणि आत गारवा.

तेवढ्यात मुलुंडचं एक कुटुंब आलं. "जयभीम, ताई! तुम्ही त्या गायन पार्टीच्या ना? आमच्या वस्तीत ऐकलंय तुम्हाला." त्यातल्या दादांनी खिशातून नोट काढली. "ते वर्षावासाचं होऊन जाऊ द्या!" प्रकाशचा हात चादरीच्या गाठीवर गेलासुद्धा.

वर्षावासाचं गाणं माझं हुकमी. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खू फिरणं थांबवायचे, एका जागी राहायचे. ते अशाच गुंफांत. किती वेळा गायले असेन, आणि ते तीन महिनेही आम्ही सुपाऱ्याच घेत फिरायचो! मला हसूच फुटलं.

"दादा, नोट ठेवा. आज ते गाणं गात नाही, पाळते."

दादांनी नोट पुन्हा खिशात घातली. त्यांची बायको म्हणाली, "पाळू द्या की त्यांना! ताई, तुम्ही पडा जरा." मी त्या कट्ट्यावर पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाले आणि ढाराढूर झोपले. उठले तेव्हा प्रकाश आणि दादा टाक्याशी बसून करवंदं खात होते. ढोलकीची गाठ तशीच होती.

घरी येऊन मी जाहीर केलं: वर्षावासात सुपारी बंद. आषाढात कुर्ल्याचं मंडळ आलं.

"ताई, मग आम्ही दुसरी पार्टी बघू?"

"बघा की!"

त्यांनी बघितली, ती त्यांना आवडली आणि आमच्याकडे ते पुन्हा आले नाहीत. प्रकाश दोन दिवस धुसफुसला. मी त्याला धुसफुसू दिलं.

श्रावणात एका सकाळी तांदूळ निवडत होते आणि तोंडातून एक ओळ निघाली. कुणी मागितली नव्हती. बाहेरच्या खोलीतून प्रकाश ओरडला, "कुणाच्या कार्यक्रमाची तयारी गं?"

"कुणाच्या नाही रे. माझी मीच गातेय."

आणि मला रडूच कोसळलं. सूप बाजूला सारलं, डोळे पुसले आणि पुढचं कडवं म्हटलं.