नानांचा उतार

नाना उतार मोजायचे तो शिवीने. मांडवाचा रॅम्प बांधून झाला की रस्त्यावरची एखादी भरलेली हातगाडी थांबवायचे, गाडीवाल्याला ती वर चढवायला सांगायचे आणि स्वतः कान देऊन बाजूला उभे राहायचे. त्याच्या तोंडून शिवी निघाली की नाना तिथे खडूने फुली मारायचे. "इथे उतार चुकला. सोडा दोऱ्या." लालबाग-परळमध्ये जन्मभर गणपतीचे मांडव बांधलेल्या या माणसाकडे मोजमापाचं म्हणून एक टेप तेवढी होती. त्यांच्या मांडवात कोणी म्हातारी अडखळून पडल्याचं मात्र मी कधी ऐकलं नाही.

माझं दादरला आर्किटेक्टचं छोटं ऑफिस आहे. शिवडीच्या खाडीकाठी फ्लेमिंगो बघायला एका संस्थेला टॉवर बांधायचा होता, त्याचं काम माझ्याकडे आलं. बांधकामाच्या बांबूच्या परांचीसाठी माणूस हवा म्हणून मी नानांना बोलावलं. त्यांनी ड्रॉइंग बराच वेळ पाहिलं. तीस फुटांचा टॉवर, दहा फुटांपर्यंत रॅम्प, पुढे जिना.

"व्हीलचेअरवाल्यांनी कुठे थांबायचं?"

"दहा फुटांवर. तिथून दिसतं," मी म्हटलं.

"काय दिसतं?"

ड्रॉइंग दादरला बसून केलं होतं. नियमात बसत होतं, एवढंच मी तपासलं होतं.

हा प्रश्न त्यांनी उगाच विचारला नव्हता. नानांच्या बायकोची, म्हणजे काकींची, उजवी बाजू लकव्याने गेली होती. करी रोडची चाळ पाडल्यावर दोघं बाविसाव्या मजल्यावर राहायला गेली होती. हिवाळ्यात काकींना खिडकीतून शिवडीकडे एक गुलाबी पट्टा दिसायचा. ते पक्षी आहेत हे त्यांना पटत नव्हतं. "तिला जवळून दाखवायचेत," नाना म्हणाले. "मुलगा रजा काढेल तेव्हा नाही, तिला वाटेल तेव्हा. मी एकटा ढकलणार. आणि कोणी उचलायचं नाही. ती काय सामान आहे?" तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते.

"आधी बांबूत बांधू," हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी चार माणसं लावून तीन दिवसांत अख्खा टॉवर बांबू आणि सुंभात उभा केला. मी दहा फुटांवर चढले तर समोर नुसती तिवरांची पानं. चौदा फुटांवर सगळा चिखल उघडा झाला, पक्षी अगदी समोर. तीस फुटांवर आणखी काय मिळालं, तर गोदामांचे पत्रे आणि तेलाच्या टाक्या. शिवाय मी वर उभी राहिले आणि जवळचा थवा उठून पार लांब जाऊन बसला.

खालून नाना म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पक्षी दिसण्यापेक्षा पक्ष्यांना तुम्ही जास्त दिसता."

तरी मी अडून बसले. खरं सांगायचं तर मला उंच टॉवर हवा होता. फोटोत चांगला दिसला असता. नाना वाद घालत बसले नाहीत. त्यांनी गोदामातून हातगाडी आणली, तिच्यावर काकींच्या वजनाची तांदळाची पोती टाकली आणि माझ्या रॅम्पवर स्वतः ढकलायला लागले. अर्ध्यावर त्यांच्या तोंडून एक सणसणीत शिवी गेली. खिशातून खडू काढून त्यांनी तो माझ्या हातात दिला. फुली मी मारली.

बारा फुटांना एक फूट चढ होता, तो आम्ही सोळाला एक केला. उंची चौदा फुटांवर आणली, जिना रद्द केला. रंग नाही, नुसतं लाकूड. एकही तिवर तोडायचं नव्हतं, म्हणून रॅम्प झाडांना वळसा घालत नेला. संस्थेचे अध्यक्ष वैतागले. "अहो, टॉवर लांबून दिसला पाहिजे."

"कोणाला? पक्ष्यांना?" नाना म्हणाले.

"मग याला टॉवर तरी का म्हणायचं?"

"माळा म्हणा. पण आधी वर चला."

त्यांनी समितीतल्या एकेकाला त्या बांबूवर चढवलं. होकार यायला तीन बैठका लागल्या. प्रत्येक बैठकीला नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि तेच बोलले.

मग नव्या चढावाच्या बांबूच्या रॅम्पवरून त्यांनी काकींना वर नेलं. एकदाही थांबले नाहीत. वर पोचल्यावर आमच्याकडे विजयाने बघत काकींना म्हणाले, "बघ गो."

काकींनी मान उंच करून पाहिली. मग म्हणाल्या, "तुमी उभे रवलात म्हणान तुमका दिसता. माका नुसती फळी दिसता."

कठड्याची आडवी फळी बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर आली होती. चढ, वळण, वजन, सगळं पाहणारे नाना आणि नियम पाठ असलेली मी, वर पोचलेलं माणूस बसलेलंच असणार हे दोघंही विसरलो होतो. नानांनी सुंभ सोडला आणि काकी "होय" म्हणेपर्यंत फळी इंच इंच खाली घेतली. कठडा मजबूत राहावा म्हणून दुसरी फळी त्यांच्या डोक्याच्या वर बांधली. मधली जागा मी टेपने मोजून लिहून घेतली. नंतर उभ्या राहिलेल्या लाकडी टॉवरला आज तेच माप आहे.

नानांनी दोन हिवाळे काकींना तिथे नेलं. तिसऱ्याच्या आधी, एका मांडवाच्या कामावरून घरी आले, पंख्याखाली बसले आणि गेले.

मागच्या जानेवारीत काकींचा फोन आला. "तू नेशील?" मी गेले. चोपन्न वर्षांची आहे, दम लागला, पण खुर्ची चढत होती. शेवटच्या वळणावर, तिवराजवळ, एक फळी खचली होती. तिथे चाक अडलं, मनगटाला झटका बसला आणि माझ्या तोंडून शिवी गेली.

काकींनी डावा हात वर करून मला थांबवलं. "थंय फुली मार," म्हणाल्या.

माझ्याकडे खडू नव्हता. पर्समधल्या पेनने मारली. वर जाऊन आम्ही तासभर पक्षी बघितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी सुतार घेऊन तिथे हजर होते.