तिसरी होडी

क्लेमंट हरेलने आयुष्यात एकही शर्यत जिंकली नाही. ऑल्डरहोच्या नदीकाठी जन्मलेल्या माणसाला हे सांगायची लाज वाटावी, कारण तिथली पोरं चालायला शिकतात तीच धक्क्यावर. क्लेमलाही बापाने वेळेवर होडीत बसवलं होतं. पण वारा कुठून येतोय हे त्याला वारा येऊन गेल्यावर कळायचं. शर्यत संपून मंडळी क्लबच्या लाकडी खोपटात चहा ढोसत बसलेली असायची, तेव्हा कुठे नदीच्या वळणावर क्लेमचं शीड दिसायचं. "आला बघा, पुढच्या रविवारचा पहिला!" असं कुणीतरी हमखास म्हणायचं. हे म्हणणारा बहुधा त्याचा धाकटा भाऊ गॉडफ्री असायचा, कारण सगळ्यात आधी येऊन बसलेला तोच असायचा.

मग एका वर्षी शर्यत सोडणारे, म्हणजे काठावरून सुरुवातीचा इशारा देणारे, म्हातारे गृहस्थ आजारी पडले आणि इशाऱ्याचे बावटे क्लेमच्या हातात आले. नाहीतरी तो शेवटचाच येतो, त्याच्या जाण्याने शर्यतीचं काही बिघडत नाही, असा साधा हिशोब होता. त्या दिवशी क्लेमला आपली जागा सापडली. हप्ताभर तो घरोघर टपाल टाकायचा आणि रविवारी नदीवर राज्य करायचा.

राज्य कसलं, तर पाच मिनिटांचं. खोपटासमोरच्या लाकडी चौथऱ्यावर एक खांब, समोरच्या काठावर एक पांढरी फळी, आणि या दोहोंच्या मधली ती रेषा. पाण्यावर ती कुणाला दिसत नाही. पाच मिनिटं आधी पहिला बावटा वर, भोंगा. मग निळा बावटा, भोंगा. शेवटच्या मिनिटाला निळा खाली, लांब भोंगा. मग पहिलाही खाली, आणि सुटल्या होड्या. तोवर सगळ्यांनी रेषेच्या मागे घोटाळत राहायचं. कुणाच्या होडीचं नाक जरा जरी आधी पुढे गेलं, तर क्लेम आणखी एक भोंगा वाजवायचा आणि निळ्या फुलीचा पांढरा बावटा चढवायचा. त्या होडीने मागे यायचं आणि नव्याने निघायचं. नाही आली, तर ती शर्यतीला निघालीच नव्हती असं धरायचं. यावर तक्रार चालत नसे, कारण रेषेवरून पाहणारा डोळा एकच होता.

तो डोळा कुणासाठी मिटला नाही. पाद्रीबुवांना त्याने मागे बोलावलं, क्लबच्या अध्यक्षांना बोलावलं, लग्नाआधी एव्हिसलाही बोलावलं. ती तरीही त्याच्याशी लग्न करून बसली. पुढे सगळी वर्षं खोपटातला चहा आणि आल्याचा केक तिच्याकडे होता. "माझा नवरा कुणाचा पाय ओढत नाही, फक्त नाक पकडतो," असं ती म्हणायची आणि हसायची.

आणि त्याने गॉडफ्रीला, आपल्या गॉफला, बोलावलं. उन्हाळी जत्रेतली शेवटची शर्यत होती. जिंकला असता तर करंडक गॉफचा, आणि म्हातारा बाप चाकाच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन, तो बघायला काठावर बसलेला. गॉफचं नाक वीतभर पुढे होतं. क्लेमने भोंगा वाजवला, बावटा चढवला, शिडावरचा आकडा ओरडून सांगितला. गॉफला वाटलं, भोंगा दुसऱ्या कुणासाठी आहे. तो मागे वळलाच नाही. पहिला आला, हात उंचावत आला, काठावर बापाने टाळ्या वाजवल्या, आणि मग क्लेमने सगळ्यांदेखत सांगितलं की गॉडफ्री हरेल निघालाच नव्हता. बाप पुढच्या वसंतापर्यंत टिकला नाही. गॉफने होडी घराशेजारच्या कोठारात ढकलून दिली आणि भावाशी बोलणं टाकलं. "जळतोस तू माझ्यावर, पहिल्यापासून," एवढं सांगायला तो विसरला नाही.

एव्हिस दर नाताळला गॉफकडे केक पाठवायची. तिकडून डबा धुऊन परत यायचा, निरोप कधीच नाही. मग तीही गेली.

तोवर नदीवरची शिडंही विरळ झाली होती. एके काळी रविवारी रेषेवर गर्दीचा नुसता कल्ला असायचा. तेव्हा क्लेमनेच ठराव मांडला होता की तीनपेक्षा कमी होड्या निघाल्या तर ती शर्यत धरायची नाही. त्या वेळी लोक हसले होते. तीनपेक्षा कमी? ऑल्डरहोला? आता रविवारी आयव्हो लार्टर आणि त्याची बायको टॅम्झिन, ही दोघं आपापल्या होड्या घेऊन यायची, आणि तिसरं कोण येतंय म्हणून क्लेमचा जीव टांगणीला लागलेला असायचा. या वर्षी अध्यक्षीणबाई मिसेस कॅचपोल यांनी गोड आवाजात सांगून टाकलं, की शरदातल्या मालिकेत चार शर्यती धरण्याजोग्या झाल्या नाहीत, तर रविवार बंद. खोपट आणि धक्का फळीवर उभं राहून वल्हवणाऱ्या मंडळींना द्यायचा. तीन झाल्या होत्या. एकच रविवार उरला होता, आणि तिसरी होडी ज्याची, तो मुलीकडे स्पेनला निघून गेला होता.

क्लेमजवळ रविवारखेरीज काही नव्हतं. हे सरळच सांगायला हवं. सोमवारी तो बावटे धुवायचा, मंगळवारी इस्त्री करायचा, आणि बाकीचे दिवस खिडकीत बसून वाऱ्याकडे बघायचा. ते गेलं असतं तर त्याने सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी दुपारी त्याने गॉफचं दार वाजवलं.

"कोण मेलं?" गॉफने विचारलं.

"कुणी नाही."

"मग तू इथे कसा?"

"होडी आहे अजून?"

"आहे. उंदीर नांदतायत तिच्यात. का?"

"उद्या आण. नुसती रेषा ओलांड आणि परत जा. पुढे शर्यत पुरी करायचीही गरज नाही. तीन निघायला हव्यात, गॉफ. नाहीतर सगळं बंद करतायत."

गॉफ दाराच्या चौकटीला टेकून पोट धरून हसला. "म्हणजे मी! तुझी रेषा ओलांडायला तुला मीच सापडलो होय रे? आणि हा तीन होड्यांचा नियम कुणी काढला होता?"

"मी."

"तरीच! दुसऱ्या कुणाचं डोकं इतकं सडकं चालत नाही."

क्लेम टोपी हातात फिरवत उभा राहिला. त्याचा तो अवतार बघून गॉफचं हसू ओसरलं.

"दोन नाताळ झाले, केक आला नाही," तो म्हणाला. "डबा माझ्याकडेच राहिलाय. येतो मी. तिच्यासाठी येतो, तुझ्यासाठी नाही, हे ध्यानात ठेव."

रविवारी पान हलत नव्हतं. आभाळ राखाडी, नदी काचेसारखी, आणि नुकतीच लागलेली ओहोटी समुद्राकडे ओढत होती. गॉफ आला. होडीचा रंग उडाला होता, शिडाला उंदरांनी कुरतडलेल्या जागी चिकटपट्टी लावली होती, आणि त्याचे स्वतःचे गुडघे कुरकुरत होते. पण सुकाणूचा दांडा हातात घेतल्यावर म्हातारा ताठ बसला. ते पाहून क्लेमला गहिवरून आलं, आणि त्याने उगाचच भोंगा पुसला.

आता इथे काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. नवीन शर्यत सोडणाऱ्यांना क्लेम पहिला धडा हाच द्यायचा: सुरुवात नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध तोंडाने ठेवावी. मग पाणी होड्यांना मागे रेटतं, आणि कुणाचं नाक चुकून पुढे जात नाही. पण त्या दिवशी वाराच नव्हता. प्रवाहाविरुद्ध तोंड ठेवलं असतं, तर एकही होडी रेषा ओलांडू शकली नसती. दुसरा रस्ता थांबण्याचा. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बावटा चढवायचा, दोन भोंगे द्यायचे, आणि वाऱ्याची वाट बघायची. पेटीत तो बावटा इस्त्री करून ठेवलेला होता. पण टॅम्झिन दोनदा म्हणाली होती की जेवायला आई येणार आहे, आणि गॉफचं मन कधी फिरेल याचा नेम नव्हता. थांबलो तर हातातली तिसरी होडी जाईल, या भीतीने क्लेमची पाचावर धारण बसली. त्याने सुरुवात ओहोटीच्या दिशेने ठेवली. पाणीच तिघांना रेषेपार नेईल, आपलं काम होईल, असा त्याचा हिशोब होता.

"अहो क्लेम, ओहोटीबरोबर?" आयव्हो पाण्यातून ओरडला. "तुम्हीच तर नको म्हणून शिकवलंत!"

"आज असंच आहे. नांगर टाका आणि धरून राहा!"

पहिला बावटा वर गेला. आयव्हो आणि टॅम्झिनने रेषेच्या मागे नांगर टाकले आणि दोर धरून बसले. गॉफकडे नांगर नव्हता. त्याला कधी लागलाच नव्हता. जुन्या धक्क्याच्या आडोशाला पाणी स्थिर असायचं, तिथे तो निवांत उभा राहायचा आणि ऐन वेळी बाहेर निघायचा. ही त्याची जुनी खुबी होती, आणि ती साऱ्या गावाला ठाऊक होती. तो मजेत तिकडे निघाला. पण पुराची भिंत बांधली तेव्हा तो धक्का पाडला होता. गॉफने नदीकडे पाठ फिरवल्यानंतरची ती गोष्ट. आडोशाच्या जागी आता ओहोटीची मुख्य धार वाहत होती.

निळा बावटा वर होता. क्लेमला सगळं दिसत होतं. थांबवायला अजून वेळ होता. तो पेटीकडे वाकला, त्याचा हात त्या पट्ट्यांच्या बावट्यावर गेला, आणि तिथेच राहिला. अजून थोडं, गॉफ निभावेल, त्याने आयुष्यभर निभावलंय, असं तो मनाशी म्हणत राहिला. निळा खाली आला. लांब भोंगा झाला.

"अरे, इथला धक्का कुठे गेला?" गॉफ ओरडला. त्याची होडी आडवी होऊन रेषेकडे वाहू लागली. तो सुकाणू फिरवून होडी मागे वळवू बघत होता, शिवी हासडत होता. क्लेमने डोळा खांबाला लावला. खांब, पांढरी फळी, मधे पाणी. त्या पाण्यात गॉफचं नाक शिरलं, मग डोलकाठी, मग अख्खी होडी. पहिला बावटा खाली आला तेव्हा गॉफ पलीकडे होता.

आयव्हो नांगर ओढण्यात गुंतला होता, टॅम्झिनची पाठ होती. दुसरं कुणीच रेषेवरून बघत नव्हतं. क्लेमने कानाडोळा केला असता, तर शर्यत झाली असती, मालिका झाली असती, आणि पुढचे सगळे रविवार त्याचे राहिले असते. कुणाचंही काडीचं नुकसान नव्हतं. त्याला ते हवं होतं. इतकं कधी काही हवंसं वाटलं नव्हतं त्याला. पण बाप काठावर बसलेला असताना ज्या वीतभर नाकासाठी आपण भावाचा करंडक घेतला, तिथे आज स्वतःची गरज पडली म्हणून अख्खी होडी जाऊ द्यायची? मग त्या दिवशी आपण काय केलं होतं?

त्याने भोंगा वाजवला आणि निळ्या फुलीचा बावटा चढवला. गॉफचा आकडा ओरडताना त्याचा आवाज फाटला.

या खेपेला गॉफला ऐकू गेलं. त्याने मान वळवून चौथऱ्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने होडी वळवली, परत यायला. वारा नाही आणि ओहोटी समोरून. एका वल्ह्याच्या फळीने त्याने पाणी मारलं असतं तर हातभर वर सरकला असता. पण शर्यतीत वल्हवायला बंदी, आणि गॉफही अखेर हरेलच होता. त्याने वल्ह्याला हात लावला नाही. होडी मागे मागे जात राहिली.

"अहो, सगळ्यांनाच परत बोलवा ना!" आयव्हो ओरडला. "नव्याने सोडा!"

"कुणाचं नाक पुढे होतं ते कळलं नाही तरच तसं करतात," क्लेम म्हणाला. "मला कळलं होतं."

"अहो, पण कोण विचारणार होतं तुम्हाला?" टॅम्झिन जवळजवळ रडकुंडीला आली. "आपल्यासाठी तरी एकदा!"

वळणाजवळ गॉफची होडी चिखलात रुतली. पाणी उतरत होतं. रात्रीची भरती येईपर्यंत ती तिथून हलणार नव्हती, आणि आणखी होडी गावात नव्हती. त्यानंतर थोड्याच वेळात काठावरचं बोरूचं गवत वाकलं, आणि नदीवरून छान, भरपूर वारा आला. आयव्हो आणि टॅम्झिनची शिडं फुगली. धरली न जाणारी ती शर्यत दोघांनी थोडा वेळ चालवली, मग ती दोघंही काठाला लागली आणि जेवायला गेली.

गॉफ चिखल तुडवत, काठाकाठाने चालत आला. मांड्यांपर्यंत काळा झाला होता. क्लेमने खोपटात चहा ठेवला होता. एव्हिस गेल्यापासून तोच करायचा, आणि वाईट करायचा. दोघं पायरीवर बसले. केकचा डबा गॉफने सकाळी येताना आणला होता, तो मधे ठेवलेला होता, रिकामा.

"इतकी वर्षं मी समजत होतो, तू माझ्यावर जळतोस," गॉफ म्हणाला.

क्लेमने कप दोन्ही हातांत धरला.

"तसं नव्हतं काही. आज बघितलं. तू स्वतःलाही सोडत नाहीस." गॉफने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बाबांना सांगायला हवं होतं मी हे. ते गेले तेही असंच समजून गेले."

वारा चांगलाच वाढला होता. चौथऱ्यावर फुलीचा बावटा फडफडत होता, तो उतरवायचा राहिला होता. क्लेमने विचारलं, "पुढच्या रविवारी येशील, गॉफ?"

"कशाला?" गॉफ म्हणाला.

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि उत्तरासाठी थांबला होता. पुढच्या रविवारी शर्यतच नव्हती. क्लेम उठला आणि फुलीचा बावटा उतरवायला चौथऱ्याकडे निघाला.