एका नळीत दोन दट्टे

सातपुड्यापासून तापीपर्यंतच्या मुलखात उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पाहण्यात आमच्या आतोबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी नंदुरबारला नोकरीला लागलो आणि आत्याच्या घरी राहू लागलो. आतोबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये इंजिन सांभाळत, पण त्या इंजिनाला ते अर्धवट म्हणत. नळीत एकच दट्टा, म्हणजे पिस्टन, आणि वर लोखंडी झाकण. भडक्याची निम्मी आच ते झाकणच खाऊन टाकतं, अशी त्यांची तक्रार. त्यांच्या मनातल्या इंजिनाला झाकणच नव्हतं. एका नळीत समोरासमोर दोन दट्टे, मधे रॉकेलचा भडका. दोघं एकदम दूर जाणार, एकदम जवळ येणार. "एकाचा धक्का दुसरा पचवतो," ते मला सांगत. "वर पाण्याचा पेला ठेव, तरंग उठणार नाही." इंजिनाचा विषय निघाला की ते घरची अहिराणी सोडून शाळेतल्या मराठीत शिरत. देवाशीसुद्धा ते इतकं शुद्ध बोलत नसत.

कीर्तनात बसल्या बसल्या त्यांच्या दोन मुठी जवळ-दूर होऊ लागत आणि बुवांना वाटे, श्रोता ताल धरतो आहे. जेवताना आत्यानं समोर पाट मांडून आपल्याबरोबरच जेवावं हा त्यांचा हट्ट. बायकांनी मागून जेवण्याचा तो काळ. शेजारची शेठाणी दारात आली की आत्या लाजून ताट पदराआड घेई.

मोडीच्या लोखंडातून त्यांनी ते इंजिन खरोखर उभं केलं. दोन्ही दट्ट्यांचे फिरते दांडे एका साखळीनं बांधले, कारण एक जरी मागे पडला तर सगळा खेळ बिघडतो. दुसरी अडचण जास्त हट्टी होती. धूर ज्या बाजूनं बाहेर पडे, त्या बाजूचा दट्टा तापून लाल होई.

त्या उन्हाळ्यात जवळच्या कोरीट गावात त्यांच्या मित्राच्या मोटेचा बैल आजारी पडला आणि मिरचीची रोपं माना टाकू लागली. आतोबांनी इंजिन आणि जिनिंगमधून मागून आणलेला पंप बैलगाडीत घातला. भाकरी बांधून आत्या निघाली, मागोमाग मी. विहिरीवर पंप बसवून त्याला पट्टा चढवला, चाक फिरवलं, आणि इंजिन इतक्या हळुवारपणे चालू लागलं की आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

"तात्या, पानी उनं," मित्र आतोबांना म्हणाला.

पाणी पाटातून निघालं, वाफ्यांमागून वाफे भिजवत गेलं. आतोबा डोळे मिटून ऐकत होते. मग आवाज जड झाला, नळीतून करपल्याचा वास आला, आणि धुराच्या बाजूचा दट्टा नळीत रुतून बसला. पाणी थांबलं.

मित्रानं रोपांकडे पाहिलं. "आर्धी भिजनी, तात्या. आर्धी वाचतीन."

आतोबांनी वहाणा काढल्या. ते ओल्या पाटातून चालत गेले, पाणी जिथं संपलं होतं तिथं जाऊन उभे राहिले. मी हाक मारणार, तोच आत्यानं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे त्यासले," ती म्हणाली. "सपनना बाहेर इतलं लांब ते पहिलाच डाव गयेल शेतस."

आम्ही विहिरीपाशी थांबलो. ऊन कलत होतं, आणि घोट्यापर्यंत चिखलात ते तसेच उभे होते.